अलाबामा शेक्सचा पहिला अल्बम (बॉईज अँड गर्ल्स, २०१२) - याला रेट्रो म्हणू नका राव

फाटका_स्पीकर

परवा रात्री लाईट गेली आणि लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंत अलाबामा शेक्स या अमेरिकन बँडचा हा अल्बम दोनदा ऐकून झाला, म्हणून शेवटी धागा काढतोय. लांबलाय, चहा घेऊन बसा.

२०१२ मध्ये मी हिंजवडीत नाईट शिफ्ट करायचो. टीममधल्या एकाने पेनड्राईव्हवर एक फोल्डर दिलं, वर नुसतं 'शेक्स' लिहिलेलं. मला वाटलं मिल्कशेकच्या रेसिपी. घरी येऊन सकाळी सात वाजता लावलं तर 'होल्ड ऑन' नावाचं गाणं सुरू झालं, साधा ड्रम, त्यात गिटारची छोटीशी आळशी फिरत, काही घाई नाही कुणालाच, आणि मग एक बाई गायला लागली. ती आधी जवळजवळ बोलल्यासारखं गाते, म्हणजे अंदाज घेतीये की तुम्ही ऐकताय का, आणि तुम्ही ऐकताय हे कळलं की सोडते आवाज. मी बूट काढायचा थांबलो होतो हे मला गाणं संपल्यावर कळलं.

माझ्या आयडीचं रहस्य पण इथेच आहे. माझ्या डाव्या स्पीकरचा पडदा फाटलेला होता आणि बेस आला की खर्रर्र व्हायचं. बाकी सगळ्या गाण्यांत ते कळायचं, या अल्बममध्ये महिनाभर कळलंच नाही, मला वाटलं रेकॉर्डिंगच तसं आहे.

आता थोडी माहिती. अलाबामा राज्यात अथेन्स नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या शाळेत ब्रिटनी हॉवर्ड आणि झॅक कॉकरेल हे दोघं सायकॉलॉजीच्या तासाला भेटले. ती गाते आणि गिटार वाजवते, तो बेस. ड्रमवाला स्टीव्ह जॉन्सन गावातल्या वाद्यांच्या दुकानात कामाला होता, तो आला. मग हीथ फॉग, दुसरी गिटार. बँडचं नाव आधी नुसतं 'द शेक्स' होतं पण त्या नावाचे दुसरे निघाले म्हणून पुढे राज्याचं नाव लावलं. (आपल्याकडे 'सातारकर ब्रास बँड' असतो तसंच की.) सगळे नोकरीवाले. ब्रिटनी पोस्टात, घरोघरी टपाल टाकायची. हीथ घरं रंगवायचा. झॅक जनावरांच्या दवाखान्यात. स्टीव्ह अणुऊर्जा केंद्रात! नोकऱ्या सांभाळून नॅशव्हिलला जायचं, 'बॉम्ब शेल्टर' नावाच्या स्टुडिओत टेपवर गाणी रेकॉर्ड करायची आणि परत यायचं. कुठल्या कंपनीचा करार वगैरे नाही, स्वतःच्या खिशातून. २०११ च्या उन्हाळ्यात एका म्युझिक ब्लॉगने त्यांचं 'यू एन्ट अलोन' टाकलं आणि मग जे फोन सुरू झाले ते थांबेचनात. एप्रिल २०१२ मध्ये अल्बम आला, ब्रिटनमध्ये ३ नंबरला गेला, अमेरिकेत ६ पर्यंत. वर्षाच्या शेवटी रोलिंग स्टोन मासिकाने 'होल्ड ऑन' हे वर्षातलं सगळ्यात भारी गाणं म्हणून निवडलं. ग्रॅमीची ३ नामांकनं, मिळालं एकही नाही. पण सोडा.

आता माझा मुद्दा. जिथं बघावं तिथं याला 'रेट्रो सोल' (म्हणजे काळ्या अमेरिकन गायकांच्या साठच्या दशकातल्या सोल संगीताची जुनी धाटणी) म्हणतात आणि मला त्या शब्दाचा वैताग आहे. रेट्रो म्हणजे हायवेवरचं 'चुलीवरचं मटण'. दारात बैलगाडीचं चाक, कंदिलात एलईडी, वेटरला फेटा. या पोरांच्या घरी चूल होतीच, त्यांनी तिच्यावर भाकरी टाकली एवढंच. वेगळं काय आणायचं होतं त्यांनी?

काय म्हणता लोक?

निवांत_गडी

+१. वाखुसा (वाचनखूण साठवली). 'हँग लूज' ऐकून बघा कुणी सोमवारी सकाळी. एवढंच बोलून खाली बसतो.

सुरेल_भांडण

मी ऐकला. प्रामाणिक सांगू का, बाई ओरडते. दुसऱ्या गाण्यात जास्त ओरडते. तिसऱ्यात मी उतरलो (लोकल होती, दादर आलं).

फाटका_स्पीकर

@सुरेल_भांडण तू फोनच्या स्पीकरवर ऐकलंस ना? खरं सांग.

सुरेल_भांडण

इअरफोन होता. एक बाजू बंद आहे त्याची.

फाटका_स्पीकर

मग बोलूच नकोस :))

जुना_तवा

धागाकर्त्यांनी कळकळीने लिहिलंय त्यामुळे आधी कौतुक. आता मतभेद.

मी ६८ वर्षांचा आहे. माहीमला आमच्या शेजारी एक गोवेकर गृहस्थ राहायचे, जहाजावर होते, दर खेपेला तबकड्या आणायचे. सोल गायक ओटिस रेडिंग मी त्यांच्या घरी खिडकीत बसून ऐकला, १९७२-७३ सालची गोष्ट, तेव्हा तो जाऊन पाच वर्षं झाली होती हे पण आम्हाला ठाऊक नव्हतं. (विमान अपघात, डिसेंबर १९६७, वय फक्त २६.) नंतर कॉलेजला असताना काळा घोड्याला रिदम हाऊसच्या बूथमध्ये उभं राहून फुकटात अर्धी अर्धी तबकडी ऐकायची आणि विकत न घेता बाहेर पडायचं हा आमचा शनिवारचा कार्यक्रम. २०१६ ला ते दुकान बंद झालं त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो.

सांगायचा मुद्दा, मी हे मूळ ऐकलेलं आहे. म्हणून नातवाने हा तुमचा अल्बम लावला तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया होती की अरे हे तर सगळं माहितीचं आहे. 'यू एन्ट अलोन' घ्या. तो संथ ठेका, एका मात्रेचे तीन तुकडे करत जाणारी गिटार, शेवटी आवाज फाटेपर्यंत नेणं, हे सगळं स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीच्या आणि मसल शोल्स गावातल्या स्टुडिओंच्या लोकांनी १९६६ ला करून ठेवलंय. तुम्ही म्हणता घरी चूल होती. अहो, २०१२ साली घरात गॅस असताना कुणी चूल पेटवली तर ती हौसच म्हणायची. हौसेला माझी ना नाही. पण मग रेट्रो शब्दाचा राग कशाला?

निवांत_गडी

काका __/\__ चूल विरुद्ध गॅस. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

रीळमास्टर

मी पुण्यात साऊंडचं काम करतो, त्यामुळे फक्त तेवढ्यापुरतं बोलतो. तवा काकांचा गॅसचा मुद्दा बरोबर आहे. टेप वापरणं ही २०१२ मध्ये ठरवून केलेली गोष्ट असते, चुकून होत नाही. टेप महाग, मशीन जुनं, हेड साफ करत बसा, रीळ संपलं की थांबा. कुणी सक्ती केली नव्हती.

पण टेप का, ते नीट समजून घ्या. लोक म्हणतात 'वॉर्म' आवाज. वॉर्म वगैरे सोडा. टेपवर आवाज जरा चढवून टाकला की टोकं दबतात, ड्रमचा टणत्कार थोडा बोथट होतो, गाणाऱ्याने अचानक जोर लावला तर कॉम्प्युटरवर तो जोर फाटून टोचतो, तोच टेपवर सुजल्यासारखा होतो. सूज हाच शब्द आम्ही वापरतो. ब्रिटनीसारखी गायिका एका ओळीत कुजबुजीवरून किंकाळीवर जाते, तिच्यासाठी हे सोयीचं आहे. आणि दुसरं म्हणजे गळती. सगळे जवळजवळ बसून वाजवत असतील तर ड्रम गाणाऱ्याच्या माईकमध्ये शिरतो, गिटार ड्रमच्या माईकमध्ये. हल्ली आम्ही जिवाचं रान करतो गळती होऊ नये म्हणून, कारण नंतर एकेक वाद्य वेगळं करून सरळ करायचं असतं. गळती असली की मागाहून काहीच सरळ करता येत नाही, जे वाजलं ते वाजलं. म्हणजे वाजवतानाच चोख वाजवा, नाहीतर चूक ठेवा. हा अल्बम ऐकताना मला हेच जाणवतं, त्यांनी चुका ठेवल्यात. 'आय फाउंड यू' मध्ये गाणं चढत जातं तसा वेग थोडा सुटतो. क्लिक ट्रॅक (कानात टिकटिक करून वेग धरून ठेवणारा) लावून वाजवलं असतं तर असं झालंच नसतं.

अवांतर: फाटक्या स्पीकरवर ऐकून रेकॉर्डिंग तसंच असेल असं वाटणं ही आमच्या धंद्याची सर्वात मोठी स्तुती की अपमान, ठरवतोय.

मृण्मयी_सा

मी गाणं शिकते (आपलं, ख्यालाचं), त्यामुळे नक्कल या विषयावर आम्ही रोज मारामारी करतो :) काकांना नम्र विरोध. आमच्याकडे सतरा वर्षं गुरूसारखंच गायचं असतं. हुबेहूब. तीच जागा, तोच श्वास. कुणी त्याला रेट्रो म्हणत नाही, तालीम म्हणतात. प्रश्न असतो की त्या तालमीतून बाहेर पडल्यावर तुम्ही कुठं वेगळे होता.

आणि ही बाई वेगळी होते. सगळे तिला साठच्या दशकातल्या रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनशी जोडतात, मला ते आळशीपणाचं वाटतं. तिला स्वतःला विचारलं तेव्हा तिने एसी/डीसी या रॉक बँडच्या गायकाचं, बॉन स्कॉटचं नाव घेतलेलं आहे. हे कळल्यावर मी परत ऐकलं आणि एकदम उजेड पडला. सोलची गायिका स्वर लांबवते तेव्हा चर्चमधल्यासारखी वळणं घेते, हरकती घेते. ब्रिटनी बऱ्याचदा वळणं घेतच नाही, ती शब्द दातांत पकडते आणि फेकते. तो रॉकवाल्यांचा स्वभाव. खाली ठेका स्टॅक्सचा आणि वर फेक बॉन स्कॉटची. १९६६ ला हे कसं असणार, काका?

अजून एक, मला फार आवडलेली गोष्ट. 'होल्ड ऑन' मध्ये ती स्वतःचं नाव घेते. वरून कुणीतरी मला हाक मारतंय, ब्रिटनी, चल ऊठ, अशा अर्थाची ओळ आहे. पहिल्यांदा ऐकताना मी चमकले. आपल्याकडे अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' येतं, 'जनी म्हणे' येतं, तशी ही नाममुद्रा. पण तुकोबा नाव घेतात ते सही केल्यासारखं, शेवटी. हिचं नाव गाण्याच्या मध्येच येतं आणि ते दुसऱ्याच्या तोंडी. स्वतःला हलवून जागं केल्यासारखं. तेव्हा ती विशीची पोर, बावीस वर्षांची होईन असंही वाटलं नव्हतं असं त्याच गाण्यात म्हणते.

जुना_तवा

मृण्मयीताई, नाममुद्रेचा मुद्दा सुरेख. पण तोही जुनाच आहे बरं का. ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनने १९३६ मध्ये सॅन अँटोनिओला जी रेकॉर्डिंग केली त्यात चौरस्त्याच्या गाण्यात तो स्वतःला 'बिचारा बॉब' म्हणतो. ब्लूजवाले स्वतःला नावाने हाक मारत आलेलेच आहेत.

बॉन स्कॉटचं मात्र मला ठाऊक नव्हतं. परत ऐकीन.

मृण्मयी_सा

काका, म्हणजे नाममुद्रा पण घराण्याचीच निघाली की! हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद. (आणि ताई नको, मी तुमच्या नातीएवढी आहे.)

लाल_पेटी

पहिल्यांदाच प्रतिसाद देतेय इथे, सांभाळून घ्या.

गाण्यातलं मला काही कळत नाही. ती पोस्टात होती हे वाचून थांबले. माझे बाबा पोस्टमन होते, वाई तालुक्यात. त्यांना गुणगुणायची सवय होती आणि आई म्हणायची की गावात ते दिसायच्या आधी ऐकू यायचे. पायी फिरणाऱ्या माणसाच्या गाण्याला एक चाल असते, पावलांची. मी 'होल्ड ऑन' लावलं आणि गॅलरीत त्या ठेक्यावर चालून बघितलं (हसू नका). बरोबर बसतो. ओझं असलेल्या माणसाची चाल आहे ती, ना भरभर ना रमतगमत.

ती गाडीतून टाकत असेल टपाल, अमेरिकेत. तरी सांगितलं.

फाटका_स्पीकर

@लाल_पेटी हसलो नाही. उठून घरात चालून बघितलं.

निवांत_गडी

मी पण. खालच्या मजल्यावरून फोन आला.

हंट्सव्हिलची_सून

अरे वा, माझ्या गावाचा धागा! म्हणजे शेजारच्या. नवरा इथं रॉकेटच्या कामात, आम्ही अलाबामात हंट्सव्हिलला राहतो अकरा वर्षं झाली, मूळची मी कोल्हापूरची. अथेन्स इथून पश्चिमेला अर्ध्या तासावर. त्यामुळे माझी दोन आण्याची भर.

पहिलं म्हणजे तुम्ही ते चूल चूल जे चाललंय ना, ते लई रोमँटिक आहे. अथेन्स म्हणजे कोर्टाची जुनी इमारत, तिच्याभोवती चौक, कापसाची शेतं, एक कॉलेज, आणि नदीकाठी ते ब्राऊन्स फेरीचं अणुकेंद्र. इथली पोरं सोल ऐकत मोठी होतात असं काही नाही. रेडिओवर कंट्री, शनिवारी फुटबॉल, रविवारी चर्च. दर ऑक्टोबरला कॉलेजच्या आवारात जुन्या फिडलवाल्यांची मोठी जत्रा भरते, ती बघण्यासारखी असते, पण त्यात सोल कुठं. म्हणजे घरात आयती चूल होती म्हणाल तर तसं नाही ओ. शोधून काढलीय त्यांनी.

पण दुसरं असं की ती चूल लांब पण नव्हती. अथेन्सवरून सरळ पश्चिमेला गाडी हाणली की तासाभरात मसल शोल्स. आम्ही पाव्हणे आले की नेतोच. तिथं दोन स्टुडिओ बघायचे, एक फेम, रिक हॉलचा, १९६७ च्या जानेवारीत सोल गायिका अरीथा फ्रँकलिनने तिथं एकच दिवस रेकॉर्ड केलं आणि भांडण होऊन सगळे निघून गेले पण त्या एका दिवसाने तिचं नशीब फिरलं. आणि दुसरा जॅक्सन हायवेवरचा ३६१४ नंबर, बाहेरून बघाल तर आपल्याकडचं टायरचं गोडाऊन वाटेल. फेममधले वाजवणारे चौघं १९६९ ला तिथून बाहेर पडले आणि हा स्वतःचा काढला. रोलिंग स्टोन्स हा ब्रिटिश बँड त्याच वर्षी डिसेंबरात येऊन तीन दिवस राहिले. तिथं एक इवलंसं संडास आहे, आणि गाईड मोठ्या अभिमानाने सांगतो की त्यांच्या गिटारवाल्या कीथ रिचर्ड्सने एका गाण्याचे शब्द यात बसून पुरे केले. माझ्या सासूबाई गाईडला म्हणाल्या, साफ तरी ठेवा मग. (मराठीत म्हणाल्या, बरं झालं.)

आता मजा बघा. त्या चौघांमधला बेसवाला डेव्हिड हूड. त्याचा मुलगा पॅटरसन हूड, ड्राईव्ह-बाय ट्रकर्स नावाच्या बँडचा. या शेक्सचं नाव सुरुवातीला चार लोकांच्या कानावर घालणाऱ्यांत हाच पॅटरसन होता आणि शेक्स त्यांच्या आधी वाजवायला पण जायचे. आणि शेक्समध्ये नंतर कीबोर्डला आलेला बेन टॅनर, तो फेममध्ये इंजिनियर म्हणून काम केलेला. म्हणजे निखारे शेजारच्या घरातूनच आणले. तुम्ही दोघं पण अर्धे अर्धे बरोबर, मिटवा.

रीळमास्टर

बेन टॅनर फेमवाला! यावरून 'हार्टब्रेकर' मधलं ऑर्गन आठवलं, कुणी वाजवलंय ते माहीत नाही. ते ऑर्गन पुढं येतच नाही, मागं उभं राहून घर धरल्यासारखं करतं. वाजवणाऱ्याने खूप रेकॉर्डिंग बघितल्याशिवाय हा संयम येत नाही. ताई, भारी माहिती.

सुरेल_भांडण

मला एक कळत नाही, गोरे वाजवणारे आणि काळी गायिका, याच्यावर कुणीच काही बोलत नाही इथे. साठ वर्षांपूर्वी पण तेच, आता पण तेच. पैसे कुणाला?

हंट्सव्हिलची_सून

@सुरेल_भांडण रास्त प्रश्न आहे, टवाळकी म्हणून विचारला असलास तरी. मसल शोल्सचे ते चौघं गोरे होते आणि बाहेरून येणाऱ्या गायकांना आधी विश्वासच बसायचा नाही, कारण रेकॉर्ड ऐकून त्यांना वाटायचं हे काळे आहेत. बाहेर १९६३ ला याच राज्याचा गव्हर्नर विद्यापीठाच्या दारात आडवा उभा होता काळ्या पोरांना आत येऊ न द्यायला, आणि आत स्टुडिओत एकत्र जेवण चालायचं. हे गोड करून सांगायची पण इथं फॅशन आहे आणि मी त्यातली नाही. पण शेक्समध्ये फरक असा की गाणी तिची, गिटार तिच्या गळ्यात, बँड तिचा. बोलावून गायला लावलेली नाही ती. तिचे वडील काळे, आई गोरी, भंगारच्या गाड्यांच्या यार्डात मोठी झालेली. इथं माझ्या ऑफिसात दोघी तिघी तिला शाळेपासून ओळखायचं सांगतात, त्यातल्या किती खऱ्या देव जाणे, आता सगळेच ओळखतात.

सुरेल_भांडण

टवाळकी म्हणून नव्हता विचारला. ओके, हे माहीत नव्हतं. परत ऐकतो, दोन्ही कानांनी.

फाटका_स्पीकर

धागा भलताच भारी चाललाय, मी आपला गुपचूप शिकतोय. 'घरी चूल होतीच' हे माझं वाक्य मागे घेतो. ताईंचे निखारे जास्त बरोबर.

पण रेट्रो शब्दाचा राग शिल्लक आहे आणि तो का ते आता नीट सांगता येतंय. त्याच काळात न्यूयॉर्कला डॅपटोन नावाची कंपनी होती, तिथं शॅरन जोन्स, चार्ल्स ब्रॅडली वगैरे. सूट, ब्रासवाले, मागे कोरस, सगळं चोख. मला ते जाम आवडतं, चार्ल्स ब्रॅडलीचा पहिला अल्बम आला तेव्हा तो ६२ वर्षांचा होता, आधी सोल गायक जेम्स ब्राऊनची नक्कल करून पोट भरायचा, तो गायला लागला की रडू येतं. पण तिथली वाजवणारी मंडळी कमालीची शिस्तीची, ब्रिटिश गायिका एमी वाईनहाऊसच्या मागे पण तीच होती. प्रत्येक गोष्ट १९६७ सारखी व्हावी म्हणून झटणारी. शेक्स तेवढे चांगले नाहीयेत! हे मी चाहता म्हणून सांगतोय. त्यांना नीट जमत नाही. 'गोइंग टू द पार्टी' ऐका, दोन मिनिटांच्या आत संपतं, गाणं आहे की कुणी चाचपडत होतं तेव्हा रेकॉर्ड झालं कळत नाही. एका गाण्यात सोल, दुसऱ्यात गॅरेजमधली धुडगूस. ज्याला जुनं हुबेहूब करायचंय तो असलं ठेवणार नाही. यांना जुनं करायचंच नव्हतं, शुक्रवारी रात्री गावातल्या बारमध्ये लोक उठून जाऊ नयेत एवढंच करायचं होतं.

जुना_तवा

हे पटण्यासारखं आहे.

फक्त एक टाचणी. अल्बम यायच्या आधीच ते 'यू एन्ट अलोन' दागिन्यांच्या जाहिरातीत वाजत होतं. शुक्रवारच्या बारपासून सोन्याच्या दुकानापर्यंत बरीच घाई झाली म्हणायची.

फाटका_स्पीकर

काका, टपाल टाकणाऱ्या मुलीला जाहिरातीचे पैसे मिळाले तर मी पेढे वाटीन. ओटिसला पण कुणी विचारलं असतं तर तो नाही म्हणाला नसता.

जुना_तवा

ओटिसने सॉफ्ट ड्रिंकसाठी जिंगल गायलेली आहे. हा मुद्दा मी हरलो.

निवांत_गडी

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). काका स्वतःच पुरावा देऊन हरले.

मृण्मयी_सा

दुसऱ्या अल्बमबद्दल कुणी बोलायचं का? साऊंड अँड कलर, २०१५. मला तो जास्त आवडतो, सॉरी. पहिल्यात ती दारात उभी आहे, दुसऱ्यात घरभर फिरते. आवाज किती प्रकारचे काढलेत तिने त्यात, खोटा आवाज, कुजबुज, बायकी पुरुषी सगळं. अमेरिकेत थेट १ नंबरला आला आणि ग्रॅमी पण त्यालाच मिळाली. शिवाय ज्यांना 'रेट्रो' शब्द डाचतो त्यांच्यासाठी त्यात काहीच जुनं नाहीये.

फाटका_स्पीकर

दुसरा अल्बम जास्त चांगला आहे हे मला पण माहीत आहे. मी पहिला जास्त ऐकतो. या दोन वाक्यांत भांडण नाही.

रीळमास्टर

+१०० याला.

हंट्सव्हिलची_सून

आणि २०१९ चा तिचा एकटीचा पण घ्या यादीत, 'जेमी'. जेमी म्हणजे तिची मोठी बहीण, लहानपणीच डोळ्याच्या कॅन्सरने गेली, ब्रिटनी तेव्हा जेमतेम आठ नऊ वर्षांची. पियानो आणि कविता तिनेच शिकवलेल्या. बँड २०१८ पासून थांबला होता पण २०२४ च्या डिसेंबरात टस्कलूसाला परत एकत्र वाजवलं आणि २०२५ ला दौरा पण काढला. टस्कलूसाला जायचं आमचं ठरलं होतं, पोराला ताप आला. नवरा म्हणाला तू जा, मी नाही गेले, आणि ते अजून डोक्यातून जात नाही.

लाल_पेटी

ताई, ताप उतरला ना लवकर?

हंट्सव्हिलची_सून

दुसऱ्या दिवशी सकाळी टुणटुणीत! कार्टं.

सुरेल_भांडण

रिपोर्टिंग. नवीन इअरफोन, ठाणे ते सीएसएमटी, पूर्ण अल्बम. ओरडते या मतावर मी ठाम आहे. पण 'यू एन्ट अलोन' मध्ये ती शेवटी ओरडते त्याच्या आधी जवळजवळ चार मिनिटं थांबलेली असते हे मागच्या वेळी कळलं नव्हतं. (कारण मी दादरला उतरलो होतो.) एवढं थांबून ओरडणाऱ्याला माफी. समोरचे काका विचारत होते डोळ्यात काय गेलं. कचरा म्हणालो.

'बी माईन' पण चांगलं आहे. बाकी मधली दोन तीन भरतीची वाटली.

फाटका_स्पीकर

भरतीची आहेतच. कुठली ते सांगणार नाही, भांडण होईल :)

जुना_तवा

काल रात्री नातवाचे हेडफोन लावून सलग ऐकला, दिवे बंद करून, आम्ही तेव्हा ऐकायचो तसा. माझा निकाल. नक्कल काही ठिकाणी आहे. 'यू एन्ट अलोन' अजूनही मला ओटिसच्या घरात शिरलेलं वाटतं, पण चपला बाहेर काढून शिरलेलं. ड्रमवाला मुलगा स्नेअर (ठेक्याचा कडक आवाजाचा ड्रम) एक केसभर उशिरा मारतो, तो उशीर मला माहीमच्या त्या खिडकीतून ऐकू यायचा, आणि पन्नास वर्षांत मी तो विसरलो होतो. शेवटचं 'ऑन युअर वे' मात्र कुणाचंच नाही, फक्त त्यांचं आहे. ते मी दोनदा ऐकलं.

रेट्रो शब्द मी मागे घेतो. तुम्ही चूल मागे घेतलीत, म्हणून.

फाटका_स्पीकर

काका!! __/\__ पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पेनड्राईव्ह पाठवतो, सगळे अल्बम टाकून.

जुना_तवा

पेनड्राईव्ह नको. तबकडी असेल तर बोला.

निवांत_गडी

@फाटका_स्पीकर घे आता.

फाटका_स्पीकर

तबकडी आहे काका. एकच आहे. तुमच्याकडे येऊन लावू, देणार नाही.

जुना_तवा

रविवारी या. स्पीकर माझे फाटके नाहीत.